नाताळांत आपलें दार कोणास उघडें असावें?

नाताळ जवळ आला म्हणजे आमच्या गांवोगांवच्या मंडळ्यांत दोन तयाऱ्या सुरू होतात. एक मंदिराची व दुसरी घराची. मंदिराच्या भिंतींस चुना लागतो, पताका कातरल्या जातात, मुलें गीतांची तालीम करूं लागतात. घरीं अंगण सारविलें जातें, करंज्यांचें व चकल्यांचें सामान भरलें जातें, आणि पोटासाठीं मुंबई-पुण्याकडे, क्वचित् परदेशींही, गेलेलीं मुलेंबाळें केव्हां येतात याची वाट पाहण्यांत वडील माणसांचे दिवस जातात. सर्व आप्त एकत्र जमतात ते वर्षांतून याच आठवड्यांत. म्हणून अलीकडे नातवंडांचे, आणि कोठें कोठें आजीआजोबांचेही, वाढदिवस याच दिवसांत उरकून घेण्याची चाल पडत चालली आहे. सण प्रभूच्या जन्माचा, आणि त्याच्या शेजारींच आमच्या घरच्या जन्मांचे सोहळे, असा हा मेळ आहे.

हें सर्व गोड आहे यांत संशय नाहीं. परंतु जो शुभवर्तमान वाचितो त्याच्यापुढें एक अडचण उभी राहते. लूकाच्या चौदाव्या अध्यायांत प्रभूनें आपल्या यजमानास असा बोध केला आहे कीं, पंगतीस भाऊबंदांस व श्रीमंत शेजाऱ्यांस बोलाविण्यांत कांहीं विशेष नाहीं, त्याची फेड ते करितातच. ज्यांच्यानें फेड होणें नाहीं अशा गरीब व अपंग माणसांस जो बोलावितो तोच खरा सुखी. आतां नाताळाचें जेवण म्हणजे बहुतेक घरीं नातलगांचेंच जेवण होय. मग प्रभूच्या जन्मदिवशीं आम्ही प्रभूचाच शब्द बाजूस ठेवितों काय? हा प्रश्न टाळण्याजोगा नाहीं. त्याचा थोडा विचार येथें करूं.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, नाताळ हा कुटुंबाचा सण झाला तो देवाच्या आज्ञेनें नव्हे, तर माणसांच्या रीतीनें. ख्रिस्तजन्माची तारीख शास्त्रांत दिलेली नाहीं. डिसेंबरच्या २५ व्या दिवशीं हा सण पाळल्याचा सर्वांत जुना लेखी पुरावा रोम शहरांतील असून तो इ. स. ३३६ चा आहे. पुढें सर्व मंडळ्यांनीं तो सारखाच मानिला असेंही नाहीं. ज्या अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ सालीं मुंबईस उतरले, आणि ज्याच्या कामास अहमदनगरांत, म्हणजे हल्लींच्या अहिल्यानगरांत, १८३१ सालीं आरंभ झाला, त्या मिशनऱ्यांचे न्यू इंग्लंडांतील पूर्वज नाताळ पाळीतच नसत. तेथील मॅसॅच्युसेट्स वसाहतींत १६५९ सालीं असा कायदा झाला होता कीं, जो काम बंद ठेवून किंवा मेजवानी करून हा दिवस पाळील त्यास पांच शिलिंग दंड व्हावा. तो कायदा १६८१ सालीं रद्द झाला. म्हणून आज आमच्यांतील एखाद्या भावास नाताळाच्या थाटाविषयीं शंका वाटली, तर त्यास कोणी पाखंडी समजूं नये. तो आपल्या आजेगुरूंच्याच वाटेनें चालला आहे. आणि जो हर्षानें सण पाळितो त्यानेंही संकोच धरूं नये. दिवस पाळणारानें प्रभूसाठीं पाळावा व न पाळणारानेंही प्रभूकडेच पाहावें, हा पौलानें रोमकरांस केलेला उपदेश दोघांसही पुरेसा आहे.

मग हा सण चार भिंतींच्या आंत कसा गेला? आमच्या मतें याचें एक मोठें कारण हवा हें आहे. युरोपच्या उत्तरेस डिसेंबरांत दिवस लहान, बाहेर बर्फ, शेतांत काम नाहीं. तेथें माणसें दार लावून शेगडीभोंवतीं बसणार हें उघड आहे. घरांत झाड उभें करण्याची जर्मन लोकांची चाल इंग्लंडांत विशेष पसरली, ती १८४८ सालीं लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकानें राणी व्हिक्टोरिया, तिचा पति आल्बर्ट व त्यांचीं मुलें यांचें तशा झाडाभोंवतीं उभें राहिलेलें चित्र छापिल्यावर. लावलेलें दार, ऊन शेगडी व आंत एक कुटुंब, असें हें नाताळाचें चित्र पुढें जगभर गेलें. त्यांत वाईट कांहीं नाहीं. थंडीच्या देशांत दार लावणें हा अपराध नव्हे. परंतु जेथें तसली थंडी नाहीं तेथेंही तें चित्र जसेंच्या तसें आणिलें, म्हणजे तेथें हवा जें दार लावीत होती तें येथें आमचें मन लावूं लागतें.

आमच्याकडील हवा पाहा. नगर, बीड, सोलापूर या बाजूस नाताळाच्या पहांटे पारा सामान्यतः १० ते १५ अंशांवर असतो, आणि दुपारीं तो २८ ते ३० अंशांपर्यंत चढतो. सकाळीं घोंगडी लागते व दोन प्रहरीं लिंबाची सावली लागते. रानांत रब्बीची ज्वारी उभी असते; लवकर पेरलेल्या शेतांत हुरड्याचे दिवस येऊं लागतात. कोकणांत तर रात्रींही पांघरूण नांवालाच पुरतें. आमची पंगत अंगणांत बसते, चूल मांडवाच्या कडेला पेटते, गाणारीं मुलें आळीआळींतून फिरतात, व पाहुणे ओट्यावर निजतात. कापूस पसरून त्यास बर्फ म्हणण्याची हौस मुलांनीं खुशाल करावी. पण मोठ्यांनीं हें ओळखावें कीं, आमची मेजवानी उघड्यावर, सर्वांच्या डोळ्यांदेखत होते. आमच्या तळणाचा वास शेजारच्या घरीं जातो. बर्फाच्या देशांतील धनवान मनुष्य कदाचित् म्हणूं शकेल कीं, बाहेर कोण उपाशी होता तें मला दिसलें नाहीं. आमच्या अंगणांतून तें दिसतें. ज्यास देवानें उबदार हवा दिली, त्याची एक सबब देवानें काढून घेतली आहे.

अशा हवेचा उपयोग इतरांनीं कसा केला याचें एकच उदाहरण देतों. ऑस्ट्रेलियांत नाताळ भर उन्हाळ्यांत येतो. तेथील मेलबर्न शहरांत १९३८ सालीं लोक रात्रीं उघड्या बागेंत मेणबत्त्या घेऊन गीतें गाण्यास जमले, आणि ती चाल तेथें अद्यापि चालू आहे. बागेंत गाणारास कोणाचा कोण हें विचारावें लागत नाहीं.

तर मग नातलगांस बोलावूंच नये काय? असें आम्ही म्हणत नाहीं, व प्रभूच्या बोधाचा तो अर्थही नव्हे. देवास अर्पण केलें असें सांगून आईबापांस उपाशी ठेवणाऱ्या शास्त्र्यांस प्रभूनें किती कडक शब्दांनीं दोष दिला हें मार्काच्या सातव्या अध्यायांत आहे. तो स्वतः वधस्तंभावर असतां आपल्या आईची सोय शिष्याकडे लावून गेला. जो आपल्या घरच्यांची तरतूद करीत नाहीं त्याचा विश्वास फोल होय, असें पौलानें तीमथ्यास बजाविलें आहे. प्रभूचा रोख नात्यावर नाहीं, फेडीवर आहे. गेल्या वर्षीं त्यांनीं साडी नेसविली म्हणून यंदां आम्हीं नेसवावी, त्यांच्याकडे पांच पक्वान्नें झालीं म्हणून आमच्याकडे सात व्हावीं, हा प्रेमाचा व्यवहार नसून सावकारी आहे. आणि अशा सावकारींत पुष्कळदां खरोखरीचें कर्जही होतें. बचत गटाचें कर्ज काढून नाताळ साजरा करावा व होळीपर्यंत हप्त्यांच्या काळजींत झुरावें, यानें गव्हाणींत जन्मलेल्या प्रभूचा मान वाढत नाहीं.

शिवाय नातलगांतही फेड करूं न शकणारे असतातच. विधवा आत्या, सासरीं नांदवीत नाहींत अशी बहीण, कर्जांत बुडालेला चुलता, दारूपायीं तोंड चुकविणारा भाऊ, दृष्टि गेलेला आजा, हे आमचे आप्तच होत. परंतु ज्याच्या येण्यानें घराची शोभा वाढते त्यास निरोप दोनदां जातो, आणि ज्याच्या येण्यानें मान खालीं जाते त्याचें नांव काढावयास कोणी धजत नाहीं. प्रभूचा नियम प्रथम आपल्या नात्यांतच लावून पाहावा. असा कोण आहे कीं ज्यास बोलाविल्यानें आपणांस कांहींच लाभ नाहीं? त्याला पहिला निरोप द्यावा.

पहिल्या नाताळाची हकीकतही येथें आठवण्याजोगी आहे. योसेफ बेथलेहेमास गेला तो परक्या गांवीं नव्हे, आपल्या पूर्वजांच्या गांवीं गेला. जेथें त्यांस जागा मिळाली नाहीं त्या ठिकाणास आमच्या जुन्या भाषांतरांत उतारशाळा म्हटलें आहे. परंतु लूकानें मूळ ग्रीक भाषेंत जो शब्द घातला, तोच पुढें बाविसाव्या अध्यायांत प्रभूनें शिष्यांबरोबर शेवटचें भोजन केलें त्या खोलीविषयीं घातला आहे. आणि चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यांतील भाड्याच्या उतारशाळेस त्यानें निराळाच शब्द वापरिला आहे. म्हणून अनेक विद्वानांचें मत असें कीं, येथें एखाद्या घरांतील पाहुण्यांच्या खोलीचा निर्देश असावा. तसें असेल तर ही गोष्ट आणखीच बोंचते. गांव आपलें, कुळ आपलें, आणि तरी बाळंतिणीस खोली नाहीं. घर माणसांनीं भरलें होतें हें खरें. परंतु भरलेल्या घरांतही कोणास आंत व कोणास गुरांपाशीं हें कोणी तरी ठरवितोच.

यजमानाविषयीं इतकें बोललों; आतां पाहुण्याविषयीं. ज्यांची नोकरी दिल्लीकडे किंवा परदेशांत थंडीच्या मुलुखांत आहे, त्यांस डिसेंबरांत गांवचें ऊन गोड लागतें, आणि आईच्या हातची भाकरी त्याहून गोड लागते. उबेसाठीं येणें हें पाप नव्हे. पण त्यांनीं आपल्या मनास विचारावें कीं, आपण ऊन घेण्यास आलों कीं माणसें भेटण्यास आलों? जो मुलगा आठ दिवस खाटेवर बसून ताट हातांत घेतो व परत जातांना आईच्या दुखऱ्या गुडघ्यांची चौकशीही करीत नाहीं, तो मुलगा म्हणून आला नाहीं, गिऱ्हाईक म्हणून आला. त्यानें विहिरीवरून पाणी आणावें, बापाबरोबर शेतांत फिरावें, औषधाची चिठ्ठी वाचून पाहावी. आणि स्वयंपाकघराकडेही पाहावें. मार्थेची तक्रार आपण दर वर्षीं वाचितों, पण आपल्या घरची मार्था कोण हें पाहत नाहीं. जी सून सासरच्या वीस माणसांचें रांधिते तिचेंही कोठें माहेर आहे. तिच्याही आईचे डोळे वाटेकडे लागलेले असतात. एका वर्षीं सासरीं व एका वर्षीं माहेरीं असा नाताळ वांटून घेण्यास कोणत्याही शास्त्राची आडकाठी नाहीं. आड येतो तो आमचा मानपान.

आतां वाढदिवसांकडे वळूं. शास्त्रांत जन्मदिवसाच्या मेजवान्या स्पष्ट नांवानें दोनच आल्या आहेत, आणि दोन्ही राजांच्या आहेत. फारोच्या जन्मदिवशीं त्याच्या आचाऱ्यास फांसावर टांगिलें. हेरोदाच्या जन्मदिवशीं बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचें डोकें तबकांत आलें. तिसऱ्या शतकांत ओरिजेन नांवाच्या प्रसिद्ध शिक्षकानें यावरूनच जन्मदिवस साजरे करण्याची चाल भक्तांस न शोभणारी ठरविली. आम्ही इतकें कठोर होऊं इच्छीत नाहीं. त्या दोन मेजवान्यांत दोष जन्मास नव्हता, घमेंडीस होता. ज्या दिवशीं सर्वांनीं माझ्याकडेच पाहावें अशी इच्छा होते, त्या दिवशीं दुसऱ्याचा जीव स्वस्त वाटूं लागतो. गांवच्या चौकांत आपला मोठा फलक लावून, मध्यरात्रीं वाद्यांचा गोंगाट करून जे वाढदिवस हल्लीं होतात, त्यांत फारोचा थोडा वारा आहे हें आमच्या तरुणांनीं ओळखावें.

याच्या उलट ईयोबाचें घर पाहा. त्याचे पुत्र पाळीपाळीनें आपापल्या घरीं मेजवानी करीत व आपल्या तिघी बहिणींस जेवावयास बोलावीत. ह्या जन्मदिवसांच्या मेजवान्या होत्या असें कित्येक टीकाकार मानितात. ईयोबानें ती चाल मोडिली नाहीं. पण मेजवान्यांची फेरी संपली म्हणजे तो पहांटे उठून आपल्या एकेका लेंकरासाठीं होमार्पण करी. वाढदिवस असा असावा. केक कापिला तरी चालेल, न कापिला तरी चालेल. परंतु ज्या लेंकराचा दिवस आहे त्याचें नांव घेऊन बापानें प्रार्थना करावी, इतकें तर प्रत्येक घरीं फुकट होण्याजोगें आहे.

आमच्या म्हाताऱ्या माणसांची गोष्ट निराळीच आहे. त्यांतील पुष्कळांस आपला जन्मदिवस ठाऊकच नाहीं. शाळेंत नांव घालतांना मास्तरांनीं अंदाजानें जून महिन्याची १ तारीख लिहिली. त्यामुळें महाराष्ट्रांतील एक सबंध पिढी कागदोपत्रीं एकाच दिवशीं जन्मलेली आहे. जी शाळेंतच गेली नाहीं तिला ती तारीखही नाहीं. नातवंडें विचारतात, आजी, तुझा वाढदिवस केव्हां? आणि ती हंसून, दुष्काळाच्या सालीं, असें कांहीं उत्तर देते. अशा आजीचा वाढदिवस नाताळाच्या आठवड्यांत सर्वांनीं मिळून केला तर त्यांत प्रभूचा अपमान होतो असें आम्हांस वाटत नाहीं. जिच्या जन्माच्या दिवशीं कोणी तारीखही लिहून ठेविली नाहीं, तिचा जन्म देवानें मोजिला आहे हें नातवंडांस सांगण्याची याहून चांगली वेळ कोणती? उलट आम्ही असें सुचवितों कीं, मंडळीच्या नोंदवहींत तिच्या बाप्तिस्म्याची तारीख असली तर ती शोधून काढावी व तिची हकीकत त्या संध्याकाळीं तिच्याच तोंडून ऐकावी.

ही हकीकत निघाली म्हणजे आणखी एक नाजूक प्रश्न येतो. बाप्तिस्म्यानें ज्यांची ताटातूट झाली त्या आप्तांचें काय? रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हां त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई व त्यांचे आप्त यांवर काय दुःख कोसळलें तें लक्ष्मीबाईंनीं आपल्या ‘स्मृतिचित्रें’ या पुस्तकांत लिहून ठेविलें आहे. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालीं झाला. अशी कहाणी आमच्या गांवांत घरोघर आहे, फक्त ती कोणी लिहिली नाहीं. एक भाऊ ख्रिस्ती, एक हिंदु, व १९५६ सालानंतर एक बौद्ध, अशीं घरें आमच्या मंडळ्यांत थोडीं नाहींत. नाताळास यांतील कोणास बोलवावें? आमचें उत्तर असें कीं, सर्वांस; आणि साध्या मनानें. फराळाचें ताट हें आमिष नव्हे. ज्या आमंत्रणाच्या पोटांत दुसरा हेतु दडविला आहे त्यास प्रभूनें सांगितलेलें औदार्य म्हणतां येत नाहीं, कारण त्यांतही फेडीचीच अपेक्षा आहे. भावास भाऊ म्हणून बोलवावें. त्यानें विचारिलें तर आपल्या आशेचें कारण नम्रतेनें सांगावें. न विचारिलें तर करंजी वाढावी. आणि त्याच्या घरचें बोलावणें आलें तर, पौलानें करिंथकरांस दिलेली मोकळीक व घातलेली मर्यादा दोन्ही ध्यानांत ठेवून, आपला विवेक राखून जावें. आपण जावयाचें नाहीं, पण त्यानें मात्र यावें, हें प्रेम एकेरी आहे.

शेवटीं ज्यांस येणारें कोणीच नाहीं त्यांच्याविषयीं. बीड व नगर जिल्ह्यांतील पुष्कळ नवराबायका दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस जातात व उन्हाळा लागल्यावर परततात. नाताळ त्यांचा कारखान्याच्या फडांत, पाचटाच्या कोपींत जातो. कोयता त्या दिवशींही थांबत नाहीं. मागें गांवांत म्हातारी, व तिच्या पदराशीं दोन नातवंडें. ज्या दिवशीं शेजारच्या घरीं मुंबईची मोटार उभी राहते त्या दिवशीं त्या तिघांस आपलें घर अधिकच ओसाड वाटतें. उपदेशक बंधूंनो, नाताळाची उपासना संपल्यावर कोण कोणाच्या घरीं जेवणार याची यादी आपण करितां काय? गीतांची यादी आपण करितां. ही दुसरी यादी तितकीच उपासनेची आहे. आणि जेथें कारखाना जवळ आहे तेथील मंडळीनें त्या दिवशीं संध्याकाळीं फडाकडे फेरी काढावी. मेंढपाळांस वार्ता कळली ती रात्रीं रानांत कामावर असतांनाच कळली.

पंडिता रमाबाईंच्या केडगांवच्या मुक्ति सदनांत १९०० च्या दुष्काळाच्या सुमारास जवळजवळ २,००० निराधार स्त्रिया व मुलें होतीं. त्यांतील कित्येकींस भाऊ, बाप, सासर, माहेर कांहींच उरलें नव्हतें. तेथें त्यांचें जें घर झालें तें रक्ताच्या नात्यानें झालें नाहीं. माझी आई व माझे भाऊ कोण, असें विचारून प्रभूनें आपल्या भोंवतीं बसलेल्यांकडे पाहिलें, त्याचा अर्थ हाच होता. त्यानें नातीं तोडिलीं नाहींत. नात्यांचें अंगण मोठें केलें.

म्हणून, प्रिय वाचकहो, यंदांच्या नाताळास आपल्या मुलालेंकरांस खुशाल बोलवा. त्यांस पोटाशीं धरा, त्यांचे वाढदिवस करा, अंगणांत पंगत मांडा. फक्त जेवढीं माणसें मोजिलीं असतील त्याहून एक पान अधिक मांडा, आणि तें पान रिकामें आहे तोंवर यजमानानें जेवावयास बसूं नये. गांवांत त्या पानावर बसण्याजोगें कोणी नाहीं असें होणें नाहीं. दोन पावलें चालून त्याच्या दारीं जावें, त्याचें नांव घेऊन त्यास हांक मारावी, व त्याचा हात धरून त्यास आणावें. त्या दिवशीं हवा उबदार आहे, रस्ता कोरडा आहे, आणि चांदणें नसलें तरी कंदील आहे.